शेतातला हात घरातल्या नळाला

सकाळी नऊ-साडेनऊची वेळ. नारायणगावच्या आसपास कुठल्याही मळ्यात टोमॅटोच्या सरीत वाकलेला माणूस पाहा. रात्री उंदराने ठिबकची लॅटरल कुरतडलेली असते आणि पाणी कारंज्यासारखे उडत असते. तो खिशातले ब्लेड काढतो, नळीचा खराब तुकडा कापून टाकतो, दोन्ही टोकांत जॉइनर दाबून बसवतो आणि पुढच्या सरीकडे निघतो. फार तर दोन मिनिटे लागतात. त्याच माणसाच्या घरी मोरीतल्या नळाला चार महिन्यांपासून फडके बांधलेले असते आणि खाली बादली लावलेली असते. विचारले तर उत्तर ठरलेले: "प्लंबरला सांगितलंय, येतो म्हणालाय."

जुन्नर-आंबेगावातल्या इतक्या घरांत मी हे पाहिले आहे की त्यावर एकदा नीट लिहायचे ठरवले. इथल्या शेतकऱ्याला व्हॉल्व्ह, फिल्टर, फूटव्हॉल्व्ह, ग्लँड दोरी, सोल्यूशन हे शब्द कुणी शिकवावे लागत नाहीत. द्राक्षाच्या, टोमॅटोच्या, उसाच्या शेताला पाणी देता देता नळकामाची निम्मी विद्या त्याच्या आणि घरातल्या बायकांच्याही हाती कधीच आलेली आहे. तेच हात घरातल्या नळालाही पुरतात.

आधी गळतीचा हिशेब करू. पाण्याचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. नळातून सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर पाणी जाते. एवढ्याने फारसे बिघडत नाही असे वाटेल. पण थेंब जोडून सुताएवढी बारीक धार लागली की गणित पार बदलते. चार लिटरचा एक ड्रिपर डोळ्यांसमोर आणा. तो तासाला चार लिटर पाणी देतो. चोवीस तास चालू राहिला तर ९६ लिटर. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने गावातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे ड्रिपरएवढी धार गळणारा एक नळ जवळजवळ दोन माणसांच्या वाट्याचे पाणी गटारात सोडतो, आणि त्याचा आवाजही होत नाही.

पाच धरणे असलेल्या जुन्नर तालुक्यात आणि डिंभ्याचा जलाशय असलेल्या आंबेगावात पाण्याची चिंता कशाला, असे बाहेरच्याला वाटते. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. तालुक्याचे नाव तेवढे उरले, कचेऱ्या घोडेगावात आहेत. त्याच जलाशयाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकर-आहुपेच्या बाजूच्या आदिवासी वाड्यांत उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यावर जातात. पाऊस त्यांच्याकडे सगळ्यांत जास्त पडतो, पण उतारावरून वाहून खाली येतो. जलाशय खाली, वस्ती वर. मंचर किंवा ओतूरच्या घरात बसून वायसर बदलल्याने त्या वाडीत पाणी पोचणार नाही, हे मला कळते. तरीही गळक्या नळाखालची बादली पाहिली की मला त्या बायका आठवतात, आणि त्या आठवाव्यात असेच मला वाटते.

पाण्याची सोय करणे ही या मुलखात फार जुन्या काळापासून मोलाची गोष्ट आहे. जुन्नरभोवतीच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत 'पोढी' हा शब्द येतो. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. मानमोडीच्या लेण्यातल्या एका लेखात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप दान दिल्याची नोंद आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एका मोठ्या अधिकाऱ्याला आपले नाव पाण्याच्या टाक्यावर कोरून ठेवावेसे वाटले.

आता नळाकडे येऊ. आपल्याकडच्या जुन्या घरांत अजून पितळी, चावी गोल गोल फिरवून बंद करायचा नळ आढळतो. त्याची रचना एकदा समजली की पुढचे सगळे सोपे जाते. चावीखाली दांडा असतो, त्याला स्पिंडल म्हणतात. त्याच्या टोकाला पितळी बटणासारखा एक तुकडा आणि त्याला लावलेली रबराची चकती, म्हणजेच आपला वायसर. चावी आवळली की हा वायसर खालच्या गोल कडेवर बसतो. ती कड म्हणजे सीट. विहिरीत फूटव्हॉल्व्हची झडप बसते ना, काम तेच. झडपेचे रबर झिजले की मोटारीतले पाणी रात्रीत उतरते. वायसर झिजला की नळ ठिबकतो.

वायसर बदलायला आधी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून पाइपातले उरलेसुरले पाणी काढून टाका. सिंकच्या भोकात फडके कोंबा, नाही तर नेमका बारका स्क्रू त्यातून जातो. मग दोन पाने घ्या. दुसरा पाना कशाला, असे वाटते आणि तिथेच बहुतेकांची चूक होते. एका पान्याने वरचा नट सोडवायचा आणि दुसऱ्याने नळाचे अंग घट्ट धरून ठेवायचे. तसे धरले नाही तर नट सुटण्याऐवजी भिंतीतला एल्बो पिळवटतो आणि वायसरच्या कामाचे भिंत फोडण्याचे काम होऊन बसते. जुना, क्षार चढलेला नट हलत नसेल तर जोर वाढवू नका. त्यावर गरम पाण्यात भिजवलेले फडके दहा मिनिटे गुंडाळून ठेवा आणि मग पुन्हा प्रयत्न करा.

नट सुटला की दांडा वर येतो. वायसर हातात घेऊन उजेडात पाहा. त्यावर गोल खाच पडलेली दिसेल, बांगडीच्या वणासारखी. नळ जोर लावून पिळण्याची आपली सवय त्या खाचेत उमटलेली असते. नळ गळू लागला की आपण आणखी आवळतो, आवळल्याने रबर आणखी कापले जाते आणि गळती वाढते. नवा वायसर घेताना जुना दुकानात घेऊन जा, मापाला माप मिळाले पाहिजे. रात्रीची वेळ असेल, दुकान बंद असेल, तर तोच वायसर काढून उलटा बसवा. मागची सपाट बाजू पुढे आली की काही दिवस निभावते. सायकलच्या ट्यूबची गोल कापलेली चकतीही दोन-चार दिवस चालते, पण ते रबर मऊ असते, लवकर फाटते.

वायसर बसवण्याआधी आत बोट घालून सीटची कड चाचपा. ती गुळगुळीत लागली पाहिजे. बोटाला खडबड किंवा खळगी लागली तर नवा वायसर आठवडाभरात कापला जाईल आणि दोष वायसरला मिळेल. अशा वेळी नळच बदललेला बरा.

गळती नेमकी कुठून होते तेही पाहायला हवे. नळ बंद असताना तोटीतून थेंब पडत असेल तर दोष वायसरचा किंवा सीटचा. नळ चालू असताना चावीच्या मुळातून पाणी वर येत असेल तर दोष ग्लँडचा. शेतातल्या पंपाची ग्लँड दोरी झिजली की शाफ्टभोवती पाणी फेकते आणि आपण नट थोडा आवळतो, तेच इथेही करायचे. ग्लँड नट पाव फेरा आवळा. थांबले नाही तर नट वर घेऊन दांड्याभोवती टेफ्लॉन टेपचे काही वेढे द्या आणि पुन्हा बसवा. चावी जड फिरू लागली तर जास्त आवळले असे समजा.

नव्या घरांतले नळ पाव फेऱ्यातच उघड-बंद होतात. त्यांच्यात वायसर नसतो, चिनी मातीसारख्या कडक पदार्थाच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांना आवळण्याची गरजच नसते, आणि वाळूचा एक कण त्यांना पुरतो. असा नळ गळू लागला की आतला पूर्ण स्पिंडल बदलायचा, एवढेच काम. वाळू आत जाऊ नये म्हणून घरात पाइपचे कुठलेही काम झाले की पहिले पाणी नळाच्या तोंडची जाळी काढून मोकळे सोडा. ठिबकच्या लाइनचे काम झाले की लॅटरलची टोके सोडून आपण लाइन फ्लश करतो. घरात मात्र हे कुणी करत नाही, आणि नवा नळ महिन्यात गळतो अशी तक्रार येते.

या जाळीबद्दल थोडे आणखी. आपल्या विहिरी आणि बोअर काळ्या कातळातल्या. खडकातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम उतरते. पातेल्याच्या तळाला, गीझरच्या कॉइलवर, नळाच्या जाळीवर, शॉवरच्या भोकांवर जो पांढरा थर धरतो तो हाच. ड्रिपर याच क्षाराने बुजतात आणि आपण लाइनला आम्ल देऊन ते मोकळे करतो. घरात तेच तत्त्व सौम्यपणे वापरायचे. स्वयंपाकघरातले व्हिनेगर किंवा कोमट पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्त्व प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्या, पिशवी नळाच्या किंवा शॉवरच्या तोंडाला रबराने बांधा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी जुन्या दातघासणीने घासा. शेतातल्या आम्लाचा कॅन मात्र न्हाणीत आणू नका. त्याने नळाची झिलई उतरते आणि बंद खोलीत त्याच्या वाफा छातीत जातात.

"नळाला पाणी बारीक येते" ही तक्रार नेहमी जाळीमुळेच असते असे नाही. ठिबकच्या फिल्टरपाशी गेजवर एक किलो प्रेशर पाहण्याची आपल्याला सवय आहे. एक किलो म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब. आपल्या घराची टाकी गच्चीवर, नळापासून फार तर तीन मीटर वर असते. म्हणजे त्या नळाला मिळतो जेमतेम पाव ते तीन दशांश किलो दाब. एवढ्याशा दाबावर अर्धा इंची पाइप लांबवर नेला, त्यात पाच-सहा एल्बो घातले, वर मोठ्या तोंडाचा शॉवर लावला, तर पाणी बारीकच येणार. टाकीपासून निघणारी मुख्य लाइन एक इंची किंवा सव्वा इंची ठेवा आणि नळापाशी आल्यावर ती अर्धा इंची करा. शेतात मेन, सबमेन आणि लॅटरल आपण याच हिशेबाने टाकतो.

आणि मग हवा धरणे. हा दोष मला सगळ्यांत जास्त घरांत दिसला. दोन दिवस पाणी आले नाही, टाकी रिकामी झाली. तिसऱ्या दिवशी टाकी भरली, तरी नळाला पाणी नाही. नळ खोकतो, फुसफुसतो, दोन घोट पाणी टाकतो आणि थांबतो. लोक समजतात पाइप तुंबला. खरे कारण बहुतेक वेळा गच्चीवर दिसते. टाकीतून निघालेला पाइप कठड्यावरून उचलून खाली आणलेला असतो. त्या उंचवट्यात हवा अडकते, आणि टाकीचा तुटपुंजा दाब तिला ढकलू शकत नाही. शेतातल्या पाइपलाइनला चढावर एअर व्हॉल्व्ह का लावतो, ते इथे आठवावे.

उपाय असा. ज्या नळाला जोराचे पाणी येते, म्हणजे मोटारीच्या किंवा थेट नळयोजनेच्या लाइनवरचा नळ, त्याला रबरी नळी जोडा. नळीचे दुसरे टोक अडलेल्या नळाच्या तोंडी फडक्याने घट्ट दाबून धरा. अडलेला नळ उघडा, मग जोराचा नळ उघडा. अर्ध्या मिनिटात पाणी उलटे वर चढते आणि टाकीत बुडबुड आवाज येतो. तो आवाज म्हणजे हवा निघाली. पुन्हा पुन्हा असे होत असेल तर टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपला एक टी लावून उभा पाइप टाकीच्या उंचीपेक्षा वर न्या, त्याचे तोंड खाली वळवा आणि बारीक जाळी बांधा. हवा आपोआप निघत राहील.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. ज्या लाइनमधून व्हेंचुरीने खत किंवा औषध जाते, तिला घरच्या लाइनशी एका क्षणासाठीही जोडू नका, या कामासाठीही नाही आणि टाकी भरण्यासाठीही नाही. मोटार बंद पडली की पाणी उलटे ओढले जाते, आणि खताचे पाणी पिण्याच्या टाकीत यायला वेळ लागत नाही.

टाकी भरून वाहते तेव्हा दोष फ्लोटचा. गोळा काढून कानाशी हलवा, आत पाणी वाजले तर तो फुटला आहे. गोळा चांगला असेल तर त्याच्या व्हॉल्व्हमधला वायसर पाहा, तोही नळाच्या वायसरचा भाऊच. पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंत पोचत असेल तर जुन्या पितळी दांड्याला खालच्या बाजूला किंचित बाक द्या, पाणी आधीच थांबेल.

संडासच्या फ्लशच्या टाकीची गळती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती महिनोन् महिने चालते. टाकीत चमचाभर बीटाचा रस टाका आणि वीस मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात लाली उतरली तर आतले रबर क्षाराने कडक झाले आहे. काढून पुसा, नाही तर बदला.

मोरीबद्दल लिहायला मला विशेष आवडते, कारण या बाबतीत आपल्या भाषेने इंजिनिअरांना शब्द दिला आहे. न्हाणीच्या कोपऱ्यात जाळीखाली जो वाटीसारखा भाग बसवतात त्याला देशभरच्या प्लंबिंगच्या पुस्तकांत 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. त्या वाटीत पाच सेंटिमीटरच्या आसपास पाणी कायम साठून राहिले पाहिजे. ते पाणीच झाकण असते, गटाराचा वास आणि झुरळे तेच अडवते. सिंकखालचा बाटलीसारखा किंवा वाकडा पाइपही हेच काम करतो.

आमच्या या तालुक्यांतली किती घरे वर्षातले आठ-दहा महिने बंद असतात! मुंबईचे डबेवाले याच जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ पट्ट्यातले. माणसे मुंबईला आणि घर गावाला. चैत्रात गावची यात्रा आली की कुलूप निघते, आणि दार उघडताच गटाराचा भपकारा येतो. उंदीर मेला असेल म्हणून कोपरे धुंडाळले जातात. खरे तर ट्रॅपमधले पाणी आटलेले असते, एवढेच. प्रत्येक मोरीत, सिंकमध्ये आणि संडासच्या भांड्यात तांब्या-दोन तांबे पाणी ओता आणि दारे उघडी ठेवा. तासाभरात वास जातो. पुढच्या वेळी घर बंद करताना शेवटचे काम म्हणून ट्रॅपमध्ये पाणी भरून वर चमचाभर खोबरेल तेल सोडा. तेलाचा तवंग पाणी लवकर उडू देत नाही. आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून जा. बंद घरात फुटलेला पाइप शेजाऱ्याला भिंत ओली झाल्यावरच कळतो.

तुंबलेल्या सिंकमध्ये लोक पहिल्यांदा ॲसिड ओततात. ते शेवटीसुद्धा ओतू नये. तुंबण्याचे कारण बहुतेक वेळा तेलकटपणा आणि त्याला चिकटलेली भाताची शिते, पीठ, चहाचा चोथा हेच असते. सिंकखाली बादली ठेवा आणि बाटली ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून काढा. सगळा गाळ तिथेच सापडतो. वाटी धुऊन, तिची रबरी रिंग नीट बसवून हातानेच आवळा, पाना लावू नका. पुढच्या पाइपात अडले असेल तर रबरी पंप वापरा. सिंकमध्ये पंपाचे तोंड बुडेल एवढे पाणी घ्या, ओव्हरफ्लोचे भोक ओल्या फडक्याने बंद करा आणि दहा-पंधरा वेळा दाबा-ओढा. दाबण्यापेक्षा ओढण्याने जास्त काम होते. आठवड्यातून एकदा भांड्यांचा साबण घालून गरम पाणी सोडत राहा, पण उकळते नको, पीव्हीसी पाइप मऊ पडून खाली झोळ येतो आणि मग त्या झोळातच गाळ साठतो.

ॲसिड आणि ब्लीचिंगचे पाणी एका मोरीत एकापाठोपाठ कधीही टाकू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीत तो जीव घेऊ शकतो.

पाइप जोडण्यात शेतकऱ्याचा हात बसलेला असतो, पण शेतातल्या दोन सवयी घरात चालत नाहीत. शेतात सॉकेट नसले की आपण पाइपाचे टोक पेंढा पेटवून शेकतो, फुगवतो आणि दुसऱ्यात सारतो. त्याने पाइपाची भिंत पातळ होते आणि जळणाऱ्या पीव्हीसीचा धूर घातक असतो. घरात नेहमी सॉकेट किंवा कपलर वापरा. दुसरी सवय घाईची. सोल्यूशन लावले की लगेच मोटार चालू! डब्यावर जेवढा वेळ थांबायला सांगितले असेल तेवढे थांबा. आणि सोल्यूशन पाइपाप्रमाणे निवडा. पांढऱ्या यूपीव्हीसीचे वेगळे, गरम पाण्याच्या पिवळसर सीपीव्हीसीचे वेगळे. सोलर हीटरच्या लाइनला शेतातल्या डब्यातले उरलेले सोल्यूशन लावले तर तो सांधा कधी सुटेल याचा भरवसा नाही. पाइप सरळ कापा, कडेचा कीस कानशीने काढा, दोन्ही भाग कोरडे पुसा, सोल्यूशनचा पातळ थर द्या, पाइप आत सारताना पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट तसाच दाबून धरा. गच्चीवर उन्हात उघडा असलेला सीपीव्हीसी पाइप पाण्यात मिसळणाऱ्या रंगाने रंगवून ठेवा, उन्हाने तो ठिसूळ होतो.

आट्यांच्या जोडाला टेफ्लॉन टेप लावताना आट्यांचे तोंड आपल्याकडे धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेप ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली तर जोड आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येते. स्प्रिंकलरचे आटे जोडणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, घरातल्या शाळकरी मुलाला मात्र दाखवावे. मुलींनाही दाखवावे. स्वयंपाकघरातला नळ दिवसभर त्यांच्या आणि त्यांच्या आईच्याच हाताखाली असतो, आणि पाना फिरवायला ताकदीपेक्षा पकड लागते.

घरी एवढे असू द्या: दोन ॲडजस्टेबल पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, हॅक्सॉ, कानस, टेफ्लॉन टेप, रबरी पंप, अर्धा आणि पाऊण इंची वायसर, एक अर्धा इंची एंड कॅप. नळ तुटून हातात आला आणि दुकान बंद असले तर ती एंड कॅप रात्र निभावते. पाइपाला बारीक चीर गेली तर ट्यूबच्या पट्टीचे ताणून वेढे द्या, सकाळपर्यंत टिकतात. हेही शेतातच शिकलेलो आहोत.

काही कामांना मात्र हात लावू नये. विजेचा गीझर आणि मोटारीची वायर जाणकारावर सोडा. भिंतीच्या आतल्या पाइपातून ओल येत असेल तर अंदाजाने भिंत फोडू नका. रस्त्यावरची मुख्य लाइन ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची, तिथली गळती कळवणे आपले काम, खोदणे नाही. आणि संडासच्या सेप्टिक टाकीत कुणालाही उतरवू नका, स्वतःही उतरू नका. आतला वायू दिसत नाही, श्वासाबरोबर माणूस कोसळतो, आणि वाचवायला उतरणारा दुसराही जातो. माणसाला असे उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. टाकी उपसायला मैला उपसणारी गाडीच बोलवा.

आज रात्री सगळे नळ बंद झाल्यावर गच्चीवर जा. मोटार आणि टाकीत येणारा नळ बंद करा, टाकीत एक स्वच्छ काठी उभी बुडवा आणि ओल जिथपर्यंत आली तिथे खूण करा. पहाटे कुणी नळ उघडण्याआधी पुन्हा तीच काठी बुडवा. हजार लिटरच्या साध्या गोल टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे नऊ लिटर. ओल खुणेच्या खाली आली असेल तर किती आली ते मोजा, आणि सकाळचा चहा झाला की पाने घेऊन मोरीतल्या नळापासून सुरुवात करा.